बुडी

साहेबाला एक शब्द हवा होता.
तीन महिने पुढ्यात ग्रीक पोथी, डाव्या हाताला मी,
आणि समईत पडून मेलेले किडे.

'स्नान' सुचवलं. म्हणाला, ते तुमचं रोजचंच.
'प्रोक्षण' म्हटलं तर दचकला :
थेंबांचं नाव काढू नकोस, विसाजी,
थेंब नाकारले म्हणून आमचे आजे तुरुंगात गेले.
तिकडे मालवणात पाद्री तान्ह्यांच्या टाळूवर पाणी सोडतो,
तेही थॉर्नबी साहेबाला मान्य नाही.
आधी विश्वास, म्हणे, मग पाणी.
आणि पाणी डोक्यावरून.

'निमज्जन' मला आवडलं होतं. जरीकाठी शब्द.
तो आचऱ्याच्या बाजारात जाऊन बोलून आला,
सुंगटं विकणाऱ्या बायका संध्याकाळपर्यंत हसत होत्या.

उरला 'बुडणे'.
मी बोरू खाली ठेवला.
साहेब, आमच्यात मुद्दल बुडतं, दिवस बुडतो, कूळ बुडतं,
धर्म तर शेजाऱ्याच्या तांब्यातल्या घोटानंही बुडतो.
आणि ह्या किनाऱ्यावर कुणी दारात उभं राहून
हा शब्द उच्चारला, की आतून
बांगड्या फुटल्याचा आवाज येतो.

त्यानं ते सगळं वहीत उतरवून घेतलं.
बांगड्यासुद्धा.

आश्विनात त्याचा मुलगा गेला, अकरा दिवसांचा.
उंडीच्या झाडाखाली साहेबानं स्वतः खणलं.
मी न राहवून विचारलं, एक थेंबही नाही?
विश्वास ठेवायला त्याला वेळ कुठे मिळाला, म्हणाला,
आणि पाण्यावाचून देवाचं अडतं
असं मी कधी म्हटलं?
त्या दिवशी आम्ही एकही ओळ केली नाही.
शाई दौतीत वाळली.

आनशी कुबलीण जळण घालायला यायची.
दोन वर्षांपूर्वी पुनवेआधीच होडी लोटली होती
तिच्या घोवानं.
भारा उतरवता उतरवता, आमच्याकडे न बघता म्हणाली :
बुडणां वायलां, बुडी वायली.
बुडी मारलेलो वर येता.
नाय इलो, तरच तो बुडालो.

साहेबानं माझ्याकडून दोनदा अर्थ करून घेतला.
मग उठून
उंडीकडे गेला.

पुढे तिनंच दिवस ठरवला.
साहेबानं सगळी पोथी पाहिली होती, ओहोटी तेवढी पाहिली नव्हती.
खाडीत गुडघाभर पाणी, चिखलात खेकडे.
रवाचा लागतला, म्हणाली ती,
आणि आम्ही तिघं दोन घटका भरतीची वाट बघत बसलो,
तो त्याची प्रार्थना पुटपुटत, ती जाळ्याची गाठ सोडवत.

पाणी छातीला लागलं तेव्हा वाळू सरकली,
तिनंच त्याला दंडाला धरून सावरलं.
तो तीन नावं बोलला. तिला मागे झुकवलं.
तिनं त्याचा हात सोडला
आणि राहिली खाली.
मी मोजत होतो. साहेबाचे ओठ पांढरे झाले.
तिथे ती काय शोधत होती
हे मी कधी विचारलं नाही.
वर आली तेव्हा मुठीत वाळू होती.

माघात माझ्यावर ग्रामण्य झालं.
विसाजीनं धर्म बुडवला, असं ठरलं.
मी काठावर पुस्तक धरून उभा होतो,
माझे पायसुद्धा भिजले नव्हते.

चार वर्षांनी गलबतातून छापील प्रती आल्या.
आमचा शब्द त्यात नव्हता.
ग्रीक शब्दालाच मराठी अंगरखा चढवून बसवला होता :
बाप्तिस्मा.
जो बुडत नाही, वर येत नाही.
विचारायला साहेब उरला नव्हता,
तोही उंडीखाली.

आनशी आली. माझो शब्द खंय आसा?
मी पान उघडून बोट ठेवलं. म्हटलं, हयसर.
तिनं त्या अक्षरांवरून नख फिरवलं, कडेनं,
कालव कुठून उघडेल
ते चाचपावं तसं.